पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू होत नाही: पुन्हा प्लग बदलण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा

मृगाचा पाऊस लागला की रविवारी सकाळी आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडसमोर कुणाची तरी मोटारसायकल ढकलत आणलेली असते. तक्रार ठरलेली: "काल रात्रीपर्यंत ठीक होती, सकाळपासून किक मारून पाय दुखला." मी पेशाने मेकॅनिक नाही. नोकरी वेगळी आहे, रविवार मात्र शेडमध्ये जातो. चिपळूणच्या पावसात हा एकच बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की आता कुठे हात घालायचा ते लक्षणं ऐकूनच बरंचसं कळतं.

हे सगळं १०० ते १२५ सीसीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांबद्दल आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नवे नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आहे. त्यांच्यासाठी यातलं प्लग, कॅप, एअर फिल्टर आणि टाकीचं झाकण एवढंच लागू पडेल.

वाडीतले एक काका पहाटे दूध घेऊन डेअरीवर जातात. एका पावसाळ्यात त्यांनी चार प्लग बदलले. प्रत्येक वेळी गाडी सुरू व्हायची, चार-आठ दिवस चालायची आणि पुन्हा बंद. एकदा तर दोन कॅन दूध घरीच राहिलं. प्लग चारही चांगले होते. पाणी टाकीत वरून शिरत होतं, आणि नवा प्लग बसवण्याच्या गडबडीत कार्ब्युरेटरमधलं पाणी तेवढ्यापुरतं खेचलं जाऊन गाडी चालू व्हायची. हे सगळं लिहायचं कारण ते दूध आहे. प्लग स्वस्त असतो, चुकलेली पहाट नाही.

आधी लक्षण नीट ऐका

सकाळी अजिबात सुरू होत नाही, दुपारी ऊन पडल्यावर पहिल्या किकला सुरू होते: ओल करंटच्या वाटेवर आहे, म्हणजे प्लग कॅप (प्लगवरची टोपी), वायर किंवा कॉइल (प्लगसाठी जास्त व्होल्टचा करंट बनवणारा भाग). पेट्रोलमधलं पाणी उन्हाने असं दोन तासांत जात नाही.

डबक्यातून गेल्यावर बंद पडते आणि दहा मिनिटांनी आपोआप चालू होते: इथे जवळजवळ नेहमी प्लग कॅप असते.

चोक ओढल्यावर सुरू होते, चोक सोडला किंवा अ‍ॅक्सिलरेटर दिला की झटके देऊन मरते: कार्ब्युरेटरच्या वाटीत पाणी आहे किंवा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलाय. एअर फिल्टर भिजलेला असेल तर गाडी भसभसते, काळा धूर सोडते, ओढत नाही.

कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) ऑनवर असेपर्यंत ठीक, रिझर्व्हवर घेतली की दोन-तीनशे मीटरवर बंद: टाकीत पाणी आहे. या लक्षणाकडे लोक सर्वात जास्त दुर्लक्ष करतात. टाकीच्या आत ऑनची नळी तळापासून थोडी वर उघडते, रिझर्व्हचं तोंड अगदी तळाशी असतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसतं. म्हणून रिझर्व्ह लावलं की आधी पाणी येतं.

दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडते, टाकीचं झाकण उघडल्यावर 'फुस्स' होऊन पुन्हा चालते: झाकणाचं हवा घ्यायचं भोक चिखलाने बुजलंय. पाण्याचा संबंध नाही, पण पावसाळ्यातच होतं म्हणून इथे सांगितलं.

यातलं कुठलं आपलं, ते ठरवूनच पाना हातात घ्या. गाडी आणणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: "बंद पडली तेव्हा एकदम पडली की धापा टाकत?" एकदम विझली तर करंट गेला. धापा टाकत, झटके देत मेली तर पेट्रोल गेलं. दहापैकी आठ वेळा एवढ्यावरच दिशा मिळते.

फुकटातल्या तपासण्या

किल स्विच, कॉक, चोक. हसू येईल, पण रेनकोट काढताना बाहीने किल स्विच दाबला जातो आणि माणूस अर्धा तास किक मारत बसतो. कॉक ऑफवर राहिलेला असतो. पेट्रोल खरंच आहे का, हे झाकण उघडून डोळ्यांनी बघा, काट्यावर विश्वास ठेवू नका.

मग नाक वापरा. वीस किक मारून झाल्या असतील आणि पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर गाडी ओव्हरफ्लो झालीय. चोक पूर्ण बंद करा, कॉक बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि पाच-सहा किक मारा. सिलिंडरमध्ये भरपूर हवा जाऊन साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. सुरू झाल्याबरोबर अ‍ॅक्सिलरेटर सोडायला विसरू नका. चोक ओढून आणखी किक मारणं म्हणजे भिजलेल्या चुलीत रॉकेल ओतत राहणं.

सेल्फ फिरत नाही म्हणून लगेच बॅटरीला दोष देऊ नका. जुन्या अनेक गाड्यांत प्लगचा करंट थेट मॅग्नेटवरून बनतो, बॅटरी मेली तरी किकवर गाडी सुरू व्हायला हवी. काही गाड्यांची इग्निशन मात्र बॅटरीवर चालते, तिथे बॅटरी उतरली की किकही निरुपयोगी. तुमची कोणती, ते पुस्तिकेत मिळतं. एकदा बघून शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

प्लग कॅप: माझा पहिला संशय

कॅप हाताने ओढून काढा. वायर धरून ओढू नका, कॅपच धरा. आत बोट फिरवा: ओल, माती, हिरवट गंज दिसेल. सुक्या फडक्याने पुसा, प्लगच्या वरचं पांढरं चिनी मातीचं अंगही पुसा. पुष्कळदा काम इथेच संपतं.

इतकं साधं का? प्लगला जाणारा करंट हजारो व्होल्टचा असतो, तो सोपी वाट शोधतो. कॅपवर ओल्या मातीचा थर असला की प्लगच्या टोकाशी उडी मारण्यापेक्षा बाहेरून ओघळत इंजिनच्या अंगावर जाणं त्याला सोपं पडतं. रात्री अंधारात गाडी चालू करून बघा (बोट लावू नका), कॅपभोवती निळसर किडे वळवळताना दिसले तर संशय संपला.

दोन-तीनदा पुसूनही परत होत असेल तर कॅप बदला. रबराला बारीक तडे गेलेले असतात, कोरड्या दिवसांत ते कळतही नाहीत. अनेक गाड्यांत कॅप वायरवर स्क्रूसारखी बसते: उलटी फिरवली की निघते. निघाल्यावर वायरचं टोक बघा. तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर पाच-सहा मिलिमीटर छाटून टाका आणि नवी कॅप पिळून बसवा, म्हणजे तिचा आतला स्क्रू ताज्या तांब्यात रुतेल. मल्टीमीटर असेल तर जुनी कॅप मोजून बघा. रेझिस्टर असलेल्या कॅपमध्ये साधारण ५ किलोओहम दिसायला हवेत. काहीच दाखवत नसेल तर कॅप आतून मेली.

रबराच्या कडेला आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. या एका उपायाने वाडीतल्या तीन गाड्या गेली दोन वर्षं पावसात बंद पडलेल्या नाहीत.

प्लग

आता प्लग काढा. बऱ्याच १०० सीसी गाड्यांना १६ मिमीचा प्लग पाना लागतो. काढण्याआधी भोवतीची माती फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. इंजिन गरम असेल तर थांबा, अ‍ॅल्युमिनियमचे आटे गरम असताना सहज खराब होतात.

टोक तांबूस-करडं आणि कोरडं असेल तर प्लग निर्दोष आहे, पेट्रोल पोचतच नाही. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, ते पेटत नाही. काळी कोरडी काजळी म्हणजे हवा कमी, एअर फिल्टरकडे चला. टोकाशी पाण्याचे बारीक थेंब असतील तर कार्ब्युरेटर उघडायची वेळ आली. पितळी ब्रशने घासा, गॅप (टोकाच्या दोन धातूंमधलं अंतर) बहुतेक गाड्यांत ०.८ ते ०.९ मिमी असतो, आपल्या पुस्तिकेतला आकडा धरा.

करंट बघायचा तर आधी कॉक बंद करा आणि प्लगच्या भोकावर जाडसर फडकं ठेवा, कारण किक मारताना तिथून पेट्रोलची वाफ उडते आणि ठिणगी तुमच्या हातात असते. प्लग कॅपमध्ये घाला, त्याचे आटे इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवा, रबरी मुठीच्या पक्कडीने धरा, मग किक मारा. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, अशक्त ठिणगी दाबाखाली विझते. प्लग कुठेही न टेकवता हवेत ठेवून किक मारू नका. करंटला वाट मिळाली नाही तर तो कॉइल किंवा सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) फोडून वाट काढू शकतो.

परत बसवताना प्लग आधी बोटांनी पूर्ण आत जाऊ द्या. मग पान्याने नवा प्लग अर्धा फेरा आणि जुनाच असेल तर घड्याळाचा काटा पाच मिनिटांत जितका सरकतो तितकाच. आटे गेले तर चाळीस सेकंदांच्या जोराची किंमत हेडचं काम काढून मोजावी लागते.

कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा

कार्ब्युरेटर न उघडता होणारं काम. वाटीच्या तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो, त्याखाली बारीक नळी. नळीचं टोक पारदर्शक बाटलीत सोडा, स्क्रू दोन फेरे सैल करा. वाटी रिकामी झाली की घट्ट करा.

शेडचं दार उघडं हवं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. बाजूला पाण्याचा बंब पेटलेला किंवा देव्हाऱ्यात समई असेल तर हे काम अंगणात करा. उजेडासाठी बॅटरी घ्या, लोंबता बल्ब नको.

बाटली दहा मिनिटं न हलवता ठेवा. तळाला मण्यासारखे थेंब किंवा वेगळा थर दिसला की पाणी सापडलं. कॉक उघडून वाटी पुन्हा भरू द्या आणि पुन्हा काढा. दुसऱ्या वेळी स्वच्छ पेट्रोल आलं तर पाणी थोडंच होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही पाणीच आलं तर ते टाकीतून येतंय, आणि आता कितीही प्लग बदला, उपयोग नाही.

टाकी, आणि काकांच्या गाडीचं उत्तर

इथे इथेनॉलबद्दल सांगायला हवं. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा देशाने २०२२ मध्ये गाठला आणि २०२५ मध्ये तो २० टक्क्यांवर गेला. इथेनॉल पाणी शोषतं. थोडं पाणी आलं तर ते विरघळून इंजिनातून निघूनही जातं. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. म्हणून तळाशी अर्धा कप थर दिसला म्हणजे अर्धा कप पाणी शिरलं असं नाही, त्यात इथेनॉलचाही वाटा आहे. इंजिनाला तो थर पेटवता येत नाही.

टाकी रिकामी करताना कॉकची नळी काढून सगळं पेट्रोल पारदर्शक कॅनमध्ये घ्या, कॉक रिझर्व्हवर ठेवा म्हणजे तळातलं येईल. तासभराने थर बघा. वरचं पेट्रोलही पुन्हा टाकीत ओतू नका, त्यातलं इथेनॉल खाली गेल्याने त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो. गॅरेजवाल्याला सुटे भाग धुवायला द्या. गटारात किंवा विहिरीजवळ मुळीच नको. कॉकखाली गाळणीची छोटी वाटी असेल तर तीही काढून धुवा.

आता पाणी आलं कुठून? हवेतली वाफ टाकीत थंड होऊन पाणी होतं हे खरं, पण ते थेंबाथेंबाने. चमचाभर निघालं तर ते वरून शिरलेलंच समजा. टाकीत सपाट बसवलेलं झाकण असलेल्या गाड्यांत झाकणाभोवतीच्या खोलगट कड्यात एक बारीक भोक असतं. तिथून एक नळी टाकीच्या आरपार खाली जाते आणि पावसाचं पाणी जमिनीवर सोडते. हे भोक बुजलं की झाकणाभोवती तळं साचतं, जुन्या कडक झालेल्या वायसरमधून रात्रभर पाझरतं, आणि पागोळीखाली उभ्या केलेल्या गाडीत सकाळपर्यंत पुरेसं पाणी जमतं.

काकांच्या गाडीत ती नळी खालून बंद होती. कुंभारीण माशीने तिच्या तोंडात मातीचं घर बांधलं होतं! मी वरून तीन वेळा फुंकर मारली होती आणि हवा जातेय असं मला वाटलं होतं. चौथ्या वेळी झाकण बंद ठेवून कड्यात कपभर पाणी ओतलं, ते जागचं हललं नाही, तेव्हा उलगडा झाला. तुम्हीही हीच परीक्षा घ्या: पाणी काही क्षणांत गाडीखाली टपकायला हवं. टपकलं नाही तर मासे पकडायचा जाड तंगूस खालून वर सारत जा. लोखंडी तार नको, नळी आतून सोलली की तिथून गंज धरतो आणि पुढे पाणी थेट टाकीत गळतं. झाकणाचा वायसर चपटा झाला असेल तर बदला. काकांच्या गाडीला त्या दिवसानंतर नवा प्लग लागलेला नाही.

रात्री गाडी झाकायला प्लास्टिकचा कागद पार चाकापर्यंत गुंडाळू नका, खालची ओल आत कोंडते. सीट आणि टाकीवर टाका, खाली मोकळं ठेवा. आणि धुताना प्रेशरची धार टाकीच्या झाकणावर, प्लगवर, सीटखाली मारू देऊ नका. माझ्या शेडमध्ये आलेल्या कितीतरी गाड्या आदल्या दिवशी धुऊन आलेल्या होत्या.

एअर फिल्टर आणि वायरी

फिल्टरच्या डब्याखाली बूच लावलेली एक नळी असते. बूच काढा, पाणी-तेल निथळून जाईल. फिल्टर भिजला असेल तर आधी जात बघा: स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून तेलाचा हलका हात देता येतो. तेल लावलेला कागदी फिल्टर धुवायचाही नसतो आणि हवेने उडवायचाही नसतो, तो बदलायचा.

वायरींचं काम मी शेवटी ठेवतो, कारण ते वेळखाऊ आहे. सीटखालचे आणि टाकीखालचे कपलर एकेक उघडून हिरवा गंज बघा, सुकवा, परत दाबा. पावसाळ्यात उंदीर शेडमध्ये येतात आणि वायर कुरतडतात, तेव्हा टाकीखालून बॅटरीचा उजेड नक्की फिरवा.

जेट साफ करायला वाटी उघडायची तर स्क्रूला बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, ते स्क्रू मऊ असतात. जेटमध्ये टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल खाते. नायलॉनचा केस किंवा हवेचा झोत पुरतो. बाजूचा समायोजनाचा स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण बंद करून किती फेरे झाले ते लिहून ठेवा. हे पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

गाडी पुरात बुडाली असेल तर एकही किक मारू नका, सेल्फ तर नाहीच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिली गोष्ट केली ती किक मारून बघायची. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढणं, सगळं तेल बदलणं, कार्ब्युरेटर-टाकी रिकामी करणं ही कामं हवीत आणि ती जाणत्या हातांनी.

ऑइलची काडी काढून बघा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर इंजिनात पाणी गेलंय. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढली असेल तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळतेय. दोन्हींत गाडी चालवायची नाही.

प्लगच्या भोकावर अंगठा दाबून कुणाला तरी किक मारायला सांगा, इग्निशन बंद ठेवून. अंगठा उडायला हवा. उडत नसेल तर कॉम्प्रेशन गेलंय: व्हॉल्व्ह, रिंग किंवा टॅपेट. हे रविवारचं काम नाही.

नवी कॅप, चांगला प्लग आणि कोरडे कपलर असूनही ठिणगी नसेल तर कॉइल, सीडीआय, पल्सर कॉइल (ठिणगी कधी पाडायची ते सीडीआयला कळवणारी) यांपैकी काहीतरी गेलंय. अंदाजाने एकेक सुटा भाग विकत घेत बसलात तर मेकॅनिकच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे जातात, कारण त्याच्याकडे लावून बघायला चालू सीडीआय असतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजिनचा दिवा पेटून राहिला तरीही हेच.

मेकॅनिककडे जाताना "गाडी बंद पडते" एवढंच सांगू नका. एकदम विझते की झटके देते, ऑनवर की रिझर्व्हवर, प्लग ओला निघाला की कोरडा, बाटलीत पाणी दिसलं का, हे चिठ्ठीवर लिहून द्या. जमलं तर ती बाटलीही न हलवता सोबत न्या.